वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : पूर, ऊन, टँकर आणि सरकारी नोंदी

गेल्या काही महिन्यांत सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांचा सूर सारखाच आहे. हवामान बदलले, पण सरकारी खाती कशाच्या आधारावर हालतात हे कळत नाही. खाती आकड्यांवर हालतात. पर्जन्यमापक किती दाखवतो, सातबारावर काय लिहिले आहे, टँकरच्या ठरावात जनावरांची संख्या आहे का, यावर मदत ठरते. म्हणून उत्तरांत आकडे आणि कागद यांनाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचे पाणी आमच्या उसात आणि सोयाबीनमध्ये आठवडाभर उभे होते. पण आमच्या मंडळात ६५ मिलिमीटर पाऊसच झाला नाही, त्यामुळे अतिवृष्टी धरता येत नाही, असे गावात सांगतात. मग आमचे नुकसान कशात बसते? (एक शेतकरी, मोहोळ तालुका)

उत्तर : गावात सांगतात ते अर्धेच खरे आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पूर ही मात्र वेगळी आपत्ती आहे आणि तिला ही अट लागत नाही. सीनेला पाणी आले ते वरच्या अंगाला झालेल्या पावसाने आणि धरणांतून सोडलेल्या विसर्गाने. तुमच्या मंडळाचा पर्जन्यमापक कोरडा राहिला तरी नदी पात्राबाहेर येऊ शकते. पंचनाम्यात नुकसानीचे कारण ‘पूर’ असेच लिहिले आहे ना, हे आधी पाहा. तिथे ‘अतिवृष्टी’ लिहिले गेले आणि मंडळाचा आकडा ६५ च्या आत असला, तर प्रकरण तिथेच अडते. कारण चुकले असेल तर गट नंबर, पाणी चढल्याच्या तारखा आणि फोटो जोडून तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

पाऊस मोजण्याची वेळही लक्षात असू द्या. रोजचा पाऊस सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत धरतात. पहाटे चारला सुरू झालेला पाऊस दुपारी बाराला थांबला, तर तो दोन दिवसांत विभागला जातो. एका दिवशी ४०, दुसऱ्या दिवशी ४५. शेतात ८५ मिलिमीटर पडूनही कागदावर अतिवृष्टी होत नाही. अशा वेळी ‘सततचा पाऊस’ या निकषाकडे बघावे. राज्याने २०२३ मध्ये तो लागू केला. सलग ५ दिवस रोज किमान १० मिलिमीटर ही त्यातली पहिली अट. त्यापुढे सरासरीशी तुलना आणि उपग्रहावरून पिकाची स्थितीही पाहतात.

मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र एकदा गावकऱ्यांनी जाऊन बघावेच. नरसाळ्यात पानगळ किंवा पक्ष्याचे घरटे अडकले, आतली उलटणारी वाटी मातीने जाम झाली, शेजारी झाड वाढले, की आकडा कमी येतो. झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, त्याच्या किमान दुप्पट अंतर मोकळे हवे. त्यात खोट दिसली तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि फोटो तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पावसाळ्याआधीच पोचवा. पीक गेल्यावर केलेल्या तक्रारीने मागचा आकडा बदलत नाही.

आता रकमा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालेल्या जिरायती पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये आहेत. मूळ मर्यादा २ हेक्टर. २०२५ च्या पुरानंतर राज्याने ती ३ हेक्टर केली. पिकाशिवाय जमिनीचे नुकसान वेगळे मिळते, आणि तेच पंचनाम्यातून सर्रास सुटते. शेतात ३ इंचांहून जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,०००, आणि नदीने जमीन खरडून नेली तर अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,००० रुपये असा निकष आहे. गाळ उपसण्यापूर्वी त्यात मोजपट्टी उभी रोवून फोटो काढा. एकदा ट्रॅक्टर फिरला की ३ इंच होते की ६, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीला ४,००० रुपये. त्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन दाखला आणि कानातल्या १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक लागतो. जनावर पुरण्याआधी बिल्ल्याचा जवळून फोटो घ्या.

पैसे मंजूर होऊन खात्यात न येण्याची कारणे बहुधा तीनच. वारस नोंद झालेली नाही आणि सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे. जमिनीचे खाते सामाईक असून इतरांचे संमतीपत्र दिलेले नाही. किंवा आधार बँक खात्याशी जोडलेले नाही. यादीतला तुमचा विशिष्ट क्रमांक ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, म्हणजे तलाठ्यांकडून, घ्या आणि आपले सरकार केंद्रावर तपासा. अडकले कुठे ते तिथे दिसते.

प्रश्न : ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचे राहून गेले. आता पीक विमा मिळणार नाही का? (त्याच पत्रात)

उत्तर : खरीप २०२५ पासून राज्यात १ रुपयातला विमा बंद झाला, आणि स्थानिक आपत्तीची ती वैयक्तिक तक्रारही त्या हंगामापुरती गेली. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांत पीक कापून केलेल्या वजनावर, ठेवली. मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के घ्यायचे. ते झाले उंबरठा उत्पादन. उदाहरणार्थ, मंडळाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १,००० किलो आणि प्रयोगात ६०० किलो आले, तर तूट ४० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० असेल तर भरपाई २०,००० रुपये. हिशेब पूर्ण मंडळाचा असतो. त्यामुळे नदीकाठच्या २५ शेतांचे पूर्ण नुकसान झाले आणि माळावरची पिके तरली, तर काठावरच्यांना फारसे काही मिळत नाही. आमच्या मते पूरपट्ट्यातल्या शेतकऱ्यावर हा अन्याय आहे. वैयक्तिक पंचनाम्याची सोय अशा गावांसाठी कायम असायला हवी. तोवर पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी शेतावर हजर राहण्याचा हक्क तरी वापरा. प्रयोगाचा प्लॉट कोणता आणि वजन किती आले, हे स्वतः लिहून ठेवा. प्रत्येक हंगामाला नियम बदलतात, तेव्हा हप्ता भरण्याआधी त्या हंगामाचा शासन निर्णय कृषी सहाय्यकांकडून समजून घ्या.

प्रश्न : मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो. आई पत्र्याच्या खोलीत दिवसभर विड्या वळते. तरी हवामान खाते उष्णतेची लाट म्हणत नाही. असे का? (विडी घरकुल परिसर, सोलापूर)

उत्तर : सपाट प्रदेशात लाट जाहीर करायला कमाल तापमान किमान ४० अंश हवे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त हवे. नाहीतर थेट ४५ अंश गाठावे लागतात. शिवाय हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती लागते. सोलापूरची मे महिन्यातली सरासरीच ४० च्या आसपास आहे. म्हणजे ४४ अंशांनाही फरक ४.५ पर्यंत जात नाही. जे शहर मुळातच तापलेले, त्याला लाटेचा इशारा उशिरा मिळतो. हा निकष तुलनेचा आहे. माणसाच्या शरीराला तुलना कळत नाही.

त्यात केंद्रावरचे तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवेशीर पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजतात. तापलेल्या पत्र्याखालच्या खोलीत ते त्याहून जास्त असते आणि रात्रीही लवकर उतरत नाही. ‘उष्ण रात्र’ हा वेगळा निकष खात्याकडे आहे. कमाल ४० किंवा जास्त, आणि किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त. सोलापूरकरांनी इशाऱ्यात हा शब्द आला की जास्त सावध व्हावे, कारण शरीराला सावरायला रात्रच मिळत नाही.

इशाऱ्याची वाट न पाहता ४० अंशांवर तुमच्या घरातले वेळापत्रक बदला. विड्या वळण्याचे काम पहाटे ते साडेदहा आणि सूर्य कलल्यावर करा. दुपारी १२ ते ४ पत्र्याखाली बसू नका. पत्र्यावर मार्चमध्येच चुन्याचे किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात द्या. आधी गंज आणि धूळ घासून काढली नाही तर पहिल्याच पावसात पापुद्रे सुटतात. अशा रंगाने खोली साधारण २ ते ५ अंशांनी थंड राहते. दोन समोरासमोरच्या झरोक्यांतून हवा खेळती नसेल तर मात्र त्याचा पूर्ण उपयोग होत नाही.

आई असंबद्ध बोलू लागली, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेलेले असते. तापाची गोळी इथे काम करत नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घाला. काखेत आणि जांघेत बर्फाचे कापड ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते. दवाखान्यात ‘उन्हामुळे’ हे शब्द केसपेपरवर नोंदवून घ्या. आरोग्य खाते १ मार्च ते ३१ जुलै उष्माघाताची नोंद ठेवते. ताप किंवा चक्कर एवढेच लिहिले तर तुमचा रुग्ण त्या आकड्यात येत नाही. आपत्ती निधीच्या केंद्रीय यादीत २०२२ ते २०२६ च्या निकषांत १२ आपत्ती आहेत. थंडीची लाट आहे, उष्णतेची नाही. ती यायची तर आधी नोंदी हव्यात.

प्रश्न : शेजारच्या धाराशिवला पोकरा आहे, आम्हाला बार्शीत का नाही?

उत्तर : पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेच्या साह्याच्या या प्रकल्पाचा पहिला टप्पा मराठवाडा, विदर्भातले ६ जिल्हे, जळगाव आणि नाशिक इथे होता. दुसऱ्या टप्प्यातल्या २१ जिल्ह्यांतही सोलापूर नाही. तालुका दुष्काळी असून उपयोग नाही, निवड जिल्ह्याची होती. ठिबकसाठी मात्र सोलापूरलाही महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या ५५ टक्क्यांत राज्याचा पूरक वाटा मिळून ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. पूर्वसंमती येण्याआधी साहित्य घेऊ नका. आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. शेततळे घेणार असाल तर ते ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरेल अशा जागी घ्या. बोअरचे पाणी वर काढून उघड्या तळ्यात उन्हाला ठेवणे म्हणजे भूजल वाफेला देणे आहे.

प्रश्न : उजनी ‘उणे’ म्हणजे नक्की काय?

उत्तर : उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ६३.६६ मृत आणि ५३.५७ उपयुक्त. उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के, त्याखाली उणे. उणे ५० टक्के म्हणजे मृत साठ्यातून २६.८ टीएमसी घेतले, तळाशी सुमारे ३७ उरले. कालव्याची पाळी किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समिती ठरवते. ऊस लावायचा की नाही हे समितीच्या ऑक्टोबरनंतरच्या निर्णयावर ठरवा, धरण भरल्याच्या बातमीवर नको.

प्रश्न : टँकरचा प्रस्ताव दिला तर दोनच खेपा मंजूर झाल्या. गाव १,८०० वस्तीचे. (सांगोला तालुका)

उत्तर : हिशेब माणशी २० लिटर, मोठ्या जनावराला ३५, वासराला १० आणि शेळी-मेंढीला ३ लिटर असा आहे. १,८०० माणसांना ३६,००० लिटर. ३०० मोठी जनावरे धरली तर आणखी १०,५००. एकूण ४६,५०० लिटर, म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरच्या ४ खेपा. तुमच्या ठरावात बहुधा २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या आली असेल आणि जनावरे लिहिलीच नसतील. वाड्यावस्त्यांची आजची वस्ती आणि पशुगणनेचा आकडा घालून सुधारित ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या. त्यांची आणि तहसीलदारांची संयुक्त पाहणी होते, त्या दिवशी कोरड्या विहिरी आणि हातपंप दाखवायला कोणीतरी थांबा.

टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. गावाचे नाव आराखड्यात आधीच असेल तर मंजुरीला वेळ लागत नाही, म्हणून नाव सप्टेंबरच्या ग्रामसभेतच घाला. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहू नका. २०२३ मध्ये जिल्ह्यातल्या बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा या पाचच तालुक्यांत तो ३१ ऑक्टोबरला जाहीर झाला आणि बाकीच्या मंडळांचा विचार नंतर झाला.

टँकर आला की खेपवहीवर गावातल्या दोन महिलांच्या सह्या घ्या. वेळ आणि लिटर त्यांनीच लिहावेत. १,००० लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर या हिशेबाने १२,००० लिटरला ६० ग्रॅम. ती आधी बादलीत कालवा, चोथा खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबून मगच वाटप सुरू करा. पावडरचे पोते उघडे राहून दमट झाले असेल तर त्यातला क्लोरीन उडालेला असतो. मग माप बरोबर असूनही जुलाबाचे रुग्ण वाढतात.