विद्यापीठाच्या सर्टिफिकेट कोर्सला मंजुरी नेमकी कोण देतं?

सगळे सर्टिफिकेट कोर्स एकाच चाळणीतून जात नाहीत, गोम तिथेच आहे. क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या तासांनुसार मिळणारे श्रेयांक) असलेला कोर्स असेल तर प्रस्ताव साधारणपणे विभागातून अभ्यास मंडळाकडे (त्या विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारी समिती) आणि तिथून विद्या परिषदेकडे (शैक्षणिक बाबतीत विद्यापीठाची सर्वोच्च समिती) जातो; अभ्यासक्रम, तास, परीक्षा, शिकवणाऱ्यांची पात्रता सगळं तपासलं जातं आणि निकाल विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर चढतो. बिनक्रेडिटचा कोर्स मात्र बऱ्याच ठिकाणी निरंतर शिक्षण विभाग स्वतःच्या अधिकारात चालवतो. तिथे, खरं सांगायचं तर, आधी खर्च निघेल का ते पाहिलं जातं. बाहेरच्या कंपनीशी भागीदारी असेल तर शिकवणार कोण हेही विचारा. कधीकधी विद्यापीठाचं नुसतं नाव असतं. फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: प्रमाणपत्रावर सही कुणाची, आणि हे क्रेडिट पुढे पदवीत धरले जातील का.