पायांचे रोबोट कोलांटउडी आणि पार्कोर (अडथळ्यांवरून उड्या मारत, चढत जाणं) कसे करतात? हे सगळं आधी पाठ करून घेतलेलं असतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. या उड्या रोबोटकडून घोटून घेतलेल्या असतात की तो जागेवर ठरवतो? आणि सोलापुरात, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात असताना यात हात घालता येईल का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नक्की येईल. मी एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटार अचूक फिरवणारे नियंत्रक, बसवतो आणि उरलेल्या वेळात एका पायाच्या हॉपरवर, म्हणजे एका पायावर उड्या मारणाऱ्या रोबोटवर, काम करतो. त्यामुळे पुढचं सगळं मोटारवाल्याच्या नजरेतून आहे.

पाय जमिनीवरून सुटला की रोबोटच्या हातात फार थोडं उरतं. वस्तुमान केंद्र कुठल्या वाटेने जाणार ते ठरून गेलेलं असतं आणि कोनीय संवेगही (गिरकीचा जोर) बदलत नाही. पाय आखडून घेतले तर गिरकी वेगाने होते, पसरले तर मंदावते, एवढाच काय तो ताबा. म्हणजे उडी चांगली की वाईट, हे पाय टेकलेले असतानाच ठरलेलं असतं.

आकडे घालून बघा. रोबोट 9 किलोचा आहे आणि त्याला 30 सेंटिमीटर वर उडायचंय. सुटताना वेग सेकंदाला साधारण 2.4 मीटर हवा. हवेत वेळ मिळतो अर्धा सेकंद. तेवढ्यात पूर्ण कोलांटी घ्यायची तर सेकंदाला दोन फेऱ्यांचा वेग लागतो. आता पायाला रेटा द्यायला 15 सेंटिमीटरचीच जागा आहे असं धरा. मग सगळा रेटा सुमारे 0.12 सेकंदात संपतो आणि त्या काळात पायांनी मिळून वजनाच्या तिप्पट, म्हणजे जवळजवळ 265 न्यूटन बल सरासरीने द्यायला लागतं.

हे 0.12 सेकंद मोटारीसाठी सगळ्यात वाईट असतात. पाय सरळ होत जातो तसा गुडघ्याचा वेग वाढतो, बॅक ईएमएफ (फिरणाऱ्या मोटारीत तयार होणारा उलटा व्होल्टेज) चढतो, बॅटरीचा व्होल्टेज पुरेनासा होतो आणि ऐन सुटण्याच्या क्षणी टॉर्क (मोटारीचा पीळ) घसरतो. कागदावर झकास दिसणारी उडी इथे मार खाते. म्हणून उडीतल्या हालचालीचा मार्ग काढताना टॉर्क-वेगाची मर्यादा गणितातच घालायची असते, नंतर ठिगळ लावून भागत नाही. मागावर आपण मोठा गिअर रेशो (मोटारीच्या किती फेऱ्यांना सांध्याची एक फेरी) लावून मोकळे होतो. पायाच्या रोबोटात ते महागात पडतं, कारण आदळताना सगळा धक्का गिअरच्या दातांवर येतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मिनी चीता या चार पायांच्या रोबोटने 2019 मध्ये उलटी कोलांटी मारली, त्याच्या सांध्यांतल्या मोटारींचा गिअर रेशो फक्त 6 ला 1 आहे. असा सांधा बाहेरून ढकलला तरी सहज फिरतो आणि मोटारीच्या करंटवरून जमिनीवरच्या बलाचा अंदाज येतो.

तोल कसा राहतो? 1980 च्या दशकात मार्क रायबर्ट यांनी एका पायावर उड्या मारणारं यंत्र बनवलं. त्यात नियंत्रणाचे तीन वेगळे भाग केले होते: रेटा किती द्यायचा यावर उंची, पाय कुठे टेकवायचा यावर पुढचा वेग, आणि पाय टेकलेला असताना नितंबाच्या सांध्यातून धडाचा कल. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वज, म्हणजे उंच मानाची काठी, पेलण्याचा सराव चालतो तो जवळून बघा. काठी कलते त्याच बाजूला पेलणारा पाऊल टाकतो. रोबोटचंही तसंच. सेकंदाला 1 मीटर वेगाने चाललाय आणि पाय 0.2 सेकंद टेकलेला राहणार असेल, तर तो 10 सेंटिमीटर पुढे टेकवला की वेग तोच राहतो. आणखी पुढे टेकवला की रोबोट मंदावतो, अलीकडे टेकवला की वाढतो. इतकं साधं सूत्र आणि आजही चालतं, मला याचं फार अप्रूप आहे.

जमीन खराब झाली की घर्षण आडवं येतं. कोरड्या फरशीवर गुणांक 0.6 धरला तर पाय न घसरता रेटा लंबापासून 31 अंशांपर्यंत तिरका चालतो. तलावाच्या ओल्या पायरीवर तो 0.3 झाला तर जेमतेम 17 अंश. लांब उडीला तिरकाच रेटा लागतो, त्यामुळे तिथे लांबी आपोआप कमी धरावी लागते.

उतरणं हा विषय कुणी फारसा बोलत नाही. माझ्या बाकावर हॉपर दोन उभ्या सळ्यांवर सरकतो. पाय टेकायच्या जरा आधी गुडघा दुमडायला सुरुवात केली तर रबरी तळवा ‘थप’ असा मऊ आवाज करतो आणि करंटचा आलेख गोल टेकडीसारखा येतो. ताठ पायाने उतरवला तर ‘टक्’, आलेखात उभा सुळका, आणि ड्राइव्ह ट्रिप, म्हणजे आपोआप बंद.

आता तुमचा मुख्य प्रश्न. उत्तर मधलं आहे. मिनी चीताच्या कोलांटीचा मार्ग आधीच संगणकावर काढून ठेवलेला होता. बोस्टन डायनॅमिक्स कंपनीच्या ॲटलस या माणसासारख्या दोन पायांच्या रोबोटने 2021 मध्ये पार्कोर केलं, तेव्हा हालचालींचे साचे आधी तयार होते. पण समोरचा ठोकळा कॅमेऱ्याने बघून साचा कसा ताणायचा, ते चालता चालता ठरत होतं. 2023 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने चार पायांच्या रोबोटवर साचेच काढून टाकले. सिम्युलेटरमध्ये (संगणकावरच्या नकली जगात) बक्षीस-दंडाने शिकवलेलं एकच न्यूरल नेटवर्क (सरावातून शिकणारा प्रोग्राम) डेप्थ कॅमेऱ्याचं, म्हणजे अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याचं, चित्र बघून सांध्यांना आज्ञा देत होतं. त्या स्वस्तातल्या रोबोटने स्वतःच्या उंचीच्या दुप्पट उंच आणि लांबीच्या दुप्पट लांब उडी मारली. झ्यूरिकच्या ईटीएच विद्यापीठात ॲनिमल या चार पायांच्या रोबोटला चालणं, उडी, चढणं, उतरणं, वाकून जाणं ही कसबं वेगवेगळी शिकवली आणि कुठे कुठलं वापरायचं ते निवडणारं आणखी एक नेटवर्क वर ठेवलं. मला हा मार्ग जास्त पटतो, कारण बिघडलं तर कुठे बिघडलं ते सापडतं.

सिम्युलेटरमध्ये शिकवताना घर्षण, वजन, मोटारीचा विलंब मुद्दाम उलटसुलट बदलत ठेवतात. नाहीतर पोरगं घरात शहाणं आणि बाहेर बावचळलेलं, अशी गत होते.

सुरुवातीला पैसे घालू नका. मुजोको हा सिम्युलेटर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यात एका पायाचा हॉपर बनवून वरचे तीन नियम स्वतः लिहा, न्यूरल नेटवर्क नंतर. तो एका जागी नीट उड्या मारायला लागला की समोर 10 सेंटिमीटरचा ठोकळा ठेवा आणि गुडघ्याचा टॉर्क विरुद्ध वेग असा आलेख काढा. विकत घ्यायच्या मोटारीची डेटाशीट (कंपनीने दिलेला माहितीचा तक्ता) त्यावर ठेवून बघा, मगच खरेदी. आलेख इथे टाकलात तर मी बघून सांगतो.