कलमं बॅगेत घालून आणू नका

प्रश्न : थोरला केनियात नोकरीला आहे. येताना अ‍ॅव्होकॅडोची चार कलमं मुळाच्या मातीसकट गोणपाटात गुंडाळून बॅगेतून आणतो म्हणतोय. घरच्यापुरतीच आहेत, चालतील ना? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही चालणार, काका. त्याला आजच फोन करा. बाहेरची कीड-रोगराई देशात शिरू नये म्हणून काढलेल्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे बाहेरून रोप, कलम किंवा पेरायचं बी आणायचं, तर आधी आपल्याकडचा आयात परवाना लागतो आणि तिकडच्या सरकारी खात्याचा कीडरोगमुक्तीचा दाखलाही. माती तर आणताच येत नाही. मूठभर मातीत सूत्रकृमी (मुळांना लागणारे अगदी बारीक जंत), बुरशी, किडीचे कोष असतात आणि डोळ्यांना ती माती स्वच्छच दिसते. तुमच्या परड्यात उतरलेली कीड शेजाऱ्याच्या बांधावर थांबत नाही. कलमं इथल्याच परवानाधारक रोपवाटिकेतून घ्या.

प्रश्न : मक्यातली ही लष्करी अळी आमच्या वडिलांनी कधी पाहिली नव्हती. आली कुठून? – एक शेतकरी, हुक्केरी

उत्तर : वडिलांचं खरं आहे. ही मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली, मे २०१८ मध्ये आपल्याच कर्नाटकात, शिमोग्यात. पतंग एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जातो, त्यामुळे एकदा आत आल्यावर तिला कुठलं नाकं अडवणार? आता राखण आपल्या रानातच. सकाळी मक्याचा पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उलगडून बघा. आत लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली की समजा. अळीच्या तोंडावर उलटा इंग्रजी ‘वाय’, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. पानावरचे लोकरी अंडीपुंज हातानं चिरडा. अळी बारीक आहे तोवरच निंबोळी अर्क थेट पोंग्यात जाईल असा फवारा. मोठी झाली की ती विष्ठेच्या बुचाखाली दडते, मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. दर हंगामात पैसा वाया जातो तो इथंच.

प्रश्न : उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात परदेशी यंत्र लाकडी खोक्यातून आलं. फळ्या गोठ्याला वापरू का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : फळीवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ अक्षरं शोधा. याचा अर्थ, आतली कीड मरावी म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय; अशा फळ्या चालतील. शिक्का नसेल, किंवा भोकांतून ताजा भुसा गळत असेल, तर फळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा आणि वनस्पती विलगीकरण खात्याला कळवा.

प्रश्न : न मागवता पोस्टानं परदेशी बियांचं पाकीट आलंय. – एक वाचक, निपाणी

उत्तर : पेरू नका, उकिरड्यावरही टाकू नका. पाकीट तसंच बंद, वरच्या पत्त्यासकट, कृषी खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात नेऊन द्या.