खर्रा खाणारा पेशंट आणि वहीतले आकडे

प्रश्न : मी यवतमाळची. बीडीएसची (दंतवैद्यकाची पदवी) इंटर्नशिप चालू आहे. नीट-एमडीएस या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी ‘महत्त्वाचे मुद्दे’ लिहून तीन वह्या भरल्या. वाचताना सगळं येतं, टेस्टमध्ये मात्र आकडे एकमेकांत मिसळतात. आई म्हणते, इंटर्नशिप कशीबशी उरक आणि घरी बसून अभ्यास कर. काय करू?

उत्तर : आईची काळजी समजते, पण ओपीडी सोडू नकोस. तुझी चौथी वही तिथेच आहे.

आकडे मिसळतात, कारण वहीत ते एकेकटे पडलेत. त्यांना कारणाच्या दोरीत ओव. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच, वजनाने ९६ टक्के खनिज. ते विरघळायला लागतं साधारण ५.५ पीएचला (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त). फ्लोराइड मिळून फ्लोरअपेटाइट झालं की हीच मर्यादा ४.५ पर्यंत उतरते, म्हणजे दात जास्त आम्ल सोसतो. डेंटिनमध्ये (इनॅमलखालचा थर; मुळांमध्येही हाच) खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, त्याचे स्फटिकही लहान आणि जास्त कार्बोनेटचे, म्हणून ते सहाच्या वरच विरघळू लागतं. आता हिरडी उतरलेल्या आजोबांच्या मुळांना कीड इतक्या लवकर का लागते, हे वेगळं पाठ करावं लागेल का?

भुलेचे आकडे तर हातानेच शिकावेत. दोन टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. तुझ्या दोन मिलीच्या सिरिंजमध्ये ४०. सोबत रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रिनलिन १:८०,००० (८०,००० मिलीत एक ग्रॅम) असेल, तर त्याच सिरिंजमध्ये ते ०.०२५ मिलिग्रॅम. हृदयविकाराच्या रुग्णाला ०.०४ च्या वर जायचं नाही, म्हणजे दीड सिरिंजच्या थोडं पुढे थांबायचं. इंजेक्शन भरताना दर वेळी हा हिशेब मनात कर. पंधरा दिवसांत तो वहीत बघावा लागणार नाही.

आणि तू यवतमाळची! खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारे, तोंड पुरतं न उघडणारे तरुण तुझ्या चेअरवर रोज येत असतील. सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं अस्तर आतून ताठर होण्याचा हा आजार, तुझ्याइतका जवळून फार थोड्या मुलांना दिसतो. सुपारीतलं अॅरेकोलिन फायब्रोब्लास्टला (कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना) चेतवतं, तिच्यातलं तांबं लायसिल ऑक्सिडेज हे धागे जोडणारं विकर वाढवतं, कोलॅजनचे धागे घट्ट जखडले जातात आणि ते मोडणं अवघड होतं. पुढे कर्करोगाचा धोका. प्रत्येकाचं तोंड पट्टीने मोज, केस पेपरवर मिलिमीटर लिही, आणि खर्रा सोडायला सांग. ते काम परीक्षेहून मोठं आहे. पॅथॉलॉजी, मेडिसिन, सर्जरी आणि पब्लिक हेल्थ, चारही विषय या एका पेशंटमध्ये भेटतात.

रात्री घरी दोन तास पुरेत: दिवसभरात पाहिलेल्या केसचा विषय आणि त्यावरचे तीसएक एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न). वहीत फक्त चुकलेलं लिही. रविवारी अॅनाटॉमी, फार्मॅकॉलॉजी, डेंटल मटेरियल्स. परीक्षेतल्या २४० पैकी १०० प्रश्न या पायाभूत विषयांच्या भागात असतात आणि मुलं नेमकं तेच शेवटच्या महिन्यावर टाकतात.

निगेटिव्ह मार्किंगची धास्तीही थोडी कमी कर. बरोबरला चार, चुकीला वजा एक. चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर उरलेल्यातला एक निवड, कोरं सोडू नकोस. टेस्टमध्ये अशा प्रश्नांपुढे खूण करत जा आणि त्यातले किती बरोबर येतात ते महिनाभर मोजून मला कळव.