आधी ती पाकिटं उघड

पत्र मोठं होतं, थोडक्यात देते. डोंबिवलीची एक ताई, वय 44, बँकेत नोकरी, रोज लोकलने फोर्टला. धाकटा भाऊ 38 वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे, सोळा वर्षं एका संस्थेच्या कार्यशाळेत जातोय, दहा ते चार, कागदी पिशव्या करतो, दिवाळीत उटणं पॅक करतो. आता संस्थेची इमारत रिडेव्हलपमेंटला चाललीय. शाळेला अनुदान आहे म्हणून शाळेची सोय दुसरीकडे झाली, पण अठरा वर्षांवरच्यांची कार्यशाळा देणग्यांवर चालते, ती मे महिन्यापासून बंद करायचा विचार आहे असं पालकांना कळवलंय. शनिवारी सभा आहे. ती लिहिते, "मावशी, आई 73 ची, गुडघे गेलेत, तो दिवसभर घरी राहिला तर आई आठ दिवसांत आडवी पडेल. मी व्हीआरएस घेऊ का? की त्याला निवासी संस्थेत ठेवू? आई म्हणते मी आहे तोवर कुठे पाठवायचं नाही. मला रात्र रात्र झोप नाही." आणि मध्येच एक वाक्य, "तसा तो फार गुणी आहे, महिन्याचे पाचशे रुपये मिळतात ते पाकीट न फोडता आईच्या हातात देतो, आईने सगळी पाकिटं कपाटात जपून ठेवलीयत."

अगं, या पाकिटांवरून माझी नजर पुढे जाईना. सोळा वर्षं दर महिन्याला हा माणूस कमाई आणून देतोय आणि ती एकदाही उघडली गेली नाही. तुझ्या पगारातून घरात फ्रिज आला असेल, आईची औषधं येतात, सगळ्यांना दिसतं की ताईच्या पैशांवर घर चाललंय. त्याच्या पैशातून एक किलो साखरसुद्धा आली नाही. आणि 2016 च्या नोव्हेंबरआधीच्या पाकिटांत जुनी पाचशेची नोट असेल तर ती त्या वर्षीच बाद झाली, आता कोणी घेणार नाही. त्याच्या सहा वर्षांच्या कामाचे पैसे कपाटात बसून मातीमोल झाले असतील आणि घरात कोणाच्या लक्षातही आलं नसेल. तू बँकेत आहेस ना गं? त्या रांगा तर तूच सांभाळल्यास. त्याच्या नावाचं खातं आहे का, याचा पत्रात उल्लेखच नाही.

आईने मायेपोटी ठेवली, मला कळतं. पण या मायेमुळेच आज तुम्ही सगळे चुकीचा प्रश्न घेऊन बसलायत. तुझं पत्र मी परत परत वाचलं, त्यात आईचं काय होईल हे आहे, तुझ्या नोकरीचं काय होईल हे आहे, त्याला कुठे ठेवायचं हे आहे. त्याची नोकरी चाललीय हे कुठेच नाही. त्याला हे सांगितलंय का, तो काय म्हणाला, याबद्दल एक अक्षर नाही. तुझ्या ब्रँचला कुलूप लागणार असेल आणि ते तुला सोडून बाकी सगळ्यांना माहीत असेल तर तुला कसं वाटेल?

अशा कार्यशाळा मी आत बसून पाहिल्यात. पिशवीचा तळ दुमडताना माणूस अंगठा घडीवरून दोनदा फिरवतो, डिंक जास्त झाला तर फडक्याने टिपतो, आणि एखादी वाकडी झाली तर ती वेगळ्या गठ्ठ्यात ठेवतो, शिकवणाऱ्या ताईंनी सांगायची वाट पाहत नाही. पैसे घेताना रजिस्टरवर सही करतात, ज्याला अक्षरं येत नाहीत तो अंगठा देतो पण रांगेत उभा राहून देतो. तिथे त्याची जागा ठरलेली असते, शेजारी कोण बसतो ते ठरलेलं असतं, कोणाशी पटत नाही तेही ठरलेलं असतं. हे सगळं मे महिन्यात एका दिवसात नाहीसं होणार आणि सोमवारी सकाळी डबा का भरला नाही म्हणून तो आईला विचारत बसणार. मग चिडचिड, आदळआपट, आणि आपण म्हणणार की हा हल्ली त्रास द्यायला लागलाय.

तेव्हा व्हीआरएस नाही. त्याचं नावसुद्धा काढू नकोस, तू घरी बसलीस तर त्याला काम मिळणार नाहीये, घरात दोन बेकार होतील. निवासी संस्थेचं पुढे कधीतरी बघावं लागेल, बदलापूरला 'आधार' आहे, एकदा जाऊन बघून ये हवं तर, पण आईचे गुडघे आणि मे महिना या दोन भीतींनी घाबरून आत्ता ते ठरवायचं नाही.

आज घरी गेल्यावर ती पाकिटं त्याच्यासमोर काढ. सगळी. त्यालाच फोडू दे. नोटा बाद झाल्या असतील तर आईचा राग येईल, येऊ दे, पण त्याच्यासमोर आईशी भांडू नकोस. चालणाऱ्या नोटा त्याच्या हातात दे आणि विचार, काय घ्यायचं? वडापाव म्हणाला तर वडापाव, घड्याळ म्हणाला तर घड्याळ, यात तुझी अक्कल चालवायची नाही. आणि मग तिथेच सांग की जिथून हे पैसे मिळतात ते बंद करायचं चाललंय. साध्या शब्दात, दोनचारदा सांगावं लागेल. रडेल कदाचित. रडू दे.

आणि शनिवारी सभेला त्याला बरोबर ने, बाकीच्या पालकांनाही आजच फोन करून सांग की आपापल्या मुलाला, मुलीला घेऊन या. विश्वस्त लोक पालकांना "समजून घ्या" म्हणू शकतात, वीस कामगार समोर बसले की ते इतकं सोपं राहत नाही. तिथे तू दोन गोष्टी विचार. बिल्डर रिडेव्हलपमेंटमध्ये नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडच्या जागेचं भाडं देतो, हे डोंबिवलीत कोणाला सांगायला नको, मग करार करताना कार्यशाळेची खोली त्यात धरली होती का आणि नव्या इमारतीत तिला जागा आहे का? नसेल तर का नाही, ते लेखी मागा. दुसरं म्हणजे महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून खर्च करावे लागतात, तर संस्थेने महापालिकेकडे खोलीसाठी किंवा भाड्यासाठी अर्ज केला का? पिशव्या करायला मशीन लागत नाही, लांब टेबलं, पंखा आणि जवळ संडास असलेली एक खोली लागते, ती एखाद्या समाजमंदिरातही होऊ शकते. नॅशनल ट्रस्ट म्हणजे बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिची डे केअरची योजना आहे, आधी 'विकास' होती, आता 'दिशा-कम-विकास', तिथे रजिस्टर असलेल्या संस्थांना मिळते, ते विचारलं का हेही बघ. "आमच्याकडे फंड नाही" इतकं एकच वाक्य ऐकून घरी यायचं नाही.

खात्याचं पण लगेच कर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 13, स्वतःचे आर्थिक व्यवहार बघायचा हक्क त्यालाही दिलाय, आणि सहीची अडचण आलीच तर नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली कलेक्टर अध्यक्ष असलेल्या समितीकडून कायदेशीर पालकत्वाचं सर्टिफिकेट मिळतं, ते बँका मानतात. अठरा पूर्ण झाल्यावर आई कायद्याने आपोआप पालक राहत नाही, हे वीस वर्षांपूर्वीच कोणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमच्यासाठी ही समिती ठाण्याला आहे. अर्जात आईबरोबर तुझं नाव घालता येईल का तेही तिथेच विचार, 73 वय आहे तिचं.

शनिवारी हाफ डे नको टाकूस, पूर्ण रजा टाक. सभा लांबली तर तुला ट्रेनची घाई नको. सभेत तो काय बोलला ते मला नक्की लिही, तू काय बोललीस ते नंतर.