सेमिनरीला निघालेल्या लेकरास

प्रिय बाळा, सप्रेम सलाम.

तुझा फोन ठेवला आणि रात्री झोपच लागली नाही. जुन्या पाळकांचं शिक्षणच खरं, आताचं सगळं ऑनलाइन आणि पोकळ, असं कोणीतरी तुझ्या डोक्यात घातलंय. पण जुनं म्हणजे कधीचं रे? १८१८ ला बंगालात सेरामपूरला कॉलेज काढलं तेव्हा विल्यम कॅरी या मिशनरींनी बायबलसोबत संस्कृत ठेवलं, युरोपातलं विज्ञान ठेवलं, ख्रिस्ती नसलेली पोरंसुद्धा घेतली, म्हणजे तेव्हाच्या लोकांना ते केवढं नवं वाटलं असेल. १९६३ च्या सुमारास ग्वाटेमालात पाळकांना घर-शेती सोडून सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, राहायला जमेना, तर शिक्षकच त्यांच्या भागात जाऊन आठवड्याला वर्ग घ्यायला लागले, आणि तीच पद्धत पुढे आपल्या देशात आली. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ ला पुण्याला गेली. शिक्षण असं सारखं हलतच आलंय, त्याचं वाईट वाटून घेऊ नको.

वाईट मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. मी शिकून साक्री तालुक्यात आलो आणि पहिलीच माती द्यायची वेळ आली ती सहा वर्षांच्या पोराची. वहीत पुनरुत्थानावर ग्रीक शब्दांसकट तीन पानं होती, ती मी वाचली, आणि त्याची आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. आमचे म्हातारे प्रचारक, चौथी शिकलेले, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि एवढंच बोलले, "माय, काही जेवनी का?" तेव्हा कुठे ती रडली.

ते पोरगं सिकलसेलनं, आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारानं, गेलं होतं. आई-बाप दोघं वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून तो दोष अंगात असला, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका असतो, हे मला कोणत्याच वर्गात शिकवलं नाही आणि मी मात्र लग्नं लावत सुटलो होतो. आता चर्चमध्ये लग्नाची चिठ्ठी, म्हणजे जाहीर सूचना, वाचायच्या आधी दोघांची रक्ततपासणी झाली का ते विचारतो. तूपण विचारायचं, लोक रागावले तरी.

ग्रीक मनापासून शीक, हिब्रू पण, त्यात कंटाळा नको. पण दर सुट्टीत उपदेश अहिराणीत, मावचीत करून बघ, कृपा हा शब्द मावचीत कसा सांगायचा ते पुण्यात कोण सांगणार, ते आपल्या पाड्यावरच्या बायाच सांगतील.

दिवाळीनंतर अर्धी मंडळी ऊसतोडीला बारडोलीकडे जाते. तेव्हा चार दिवस सुट्टी टाकून ये, त्यांच्या पडावावर उपासना घ्यायला आपण दोघं जाऊ. चादर आण, थंडी असते.

तुझा,
पाळक काका