ओढ्याकाठची फूटभर माती विकावी का? माळावर गाळ किती टाकावा?

प्रश्न : ओढ्याकाठी आमचे दोन एकर काळे रान आहे. वीटभट्टीवाला वरची फूटभर माती मागतो. खाली अजून पाच-सहा फूट काळीच आहे, दोन-तीन पावसाळ्यांत रान पूर्वीसारखे होईल, असे तो म्हणतो. माती द्यावी का? वरच्या अंगाला एक एकर मुरमाड माळ आहे, तिथे तलावाचा गाळ किती टाकावा?

उत्तर : माती देऊ नका. पैशाची कितीही नड असली तरी या व्यवहारात तुमचेच नुकसान आहे.

आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडकापासून झाली आहे. ऊन-पावसाने खडक तडकतो, भेगांत पाणी आणि मुळे शिरतात, त्याचा आधी मुरूम होतो आणि मुरमाची हळूहळू माती होते. माळावर झालेली बारीक माती पाऊस वाहून नेतो, म्हणून तिथे मुरूम उघडा पडतो. तीच माती ओढ्याकाठी साचून तुमचे भारी रान झाले. दोन-तीन सेंटिमीटर माती घडायला हजार वर्षांपर्यंत काळ लागतो. फूट म्हणजे तीस सेंटिमीटर. दोन-तीन पावसाळ्यांचे हे काम नाही.

बांधालगत तीन फूट खोल खड्डा घ्या आणि त्याची भिंत नीट पाहा. वरच्या वीतभर थरात माती रवाळ, मुळ्यांचे जाळे, गांडुळांची भोके. खाली तीच काळी माती ढेकळासारखी घट्ट, आणि आणखी खाली चुनखडीचे पांढरे खडे. सेंद्रिय कर्ब आणि जिवाणू मुख्यतः वरच्या थरात असतात. तो काढला की पेरणी थेट घट्ट, चुनखडीच्या मातीत होते. तिथे लोह आणि जस्त पिकाला लागू होत नाही, पाने पिवळी पडतात, उगवण विरळ होते.

पाण्याचा हिशोब तर फारच बोलका आहे. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला मिळेल असे साधारण 150 ते 200 मिमी पाणी धरते. फूटभर माती गेली की एकरी सुमारे दोन लाख लिटर पाणी साठवायची जागा गेली. शिवाय रान आजूबाजूपेक्षा खोलगट होऊन पावसाळ्यात पाणी तुंबते आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, लवकर येत नाही. धुपून गेलेली माती निदान तलावात सापडते. भट्टीत भाजलेली माती परत माती होत नाही.

शेजाऱ्यांनी माती काढली असेल तर त्यांना सांगा : पहिल्या वर्षी धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक एकरी 20 किलो बियाणे पेरून पाच-सहा आठवड्यांनी, फुलोऱ्याआधी गाडावा. दरवर्षी एकरी पाच टन कुजलेले शेणखत द्यावे. माती परीक्षणात कमतरता आली तर झिंक (जस्त) सल्फेट आणि फेरस (लोह) सल्फेट एकरी प्रत्येकी 8 ते 10 किलो, आठ दिवस शेणखतात मुरवून द्यावे.

आता माळाचे. एक एकरावर एक इंच थर द्यायला सुमारे 36 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) गाळ लागतो. दोन ते तीन इंच पुरे, म्हणजे 72 ते 108 ब्रास. याहून जाड थर दिला तर गाळ मुरमात मिसळत नाही. पावसात त्याची लादी बसते, मुळे लादीतच अडकतात आणि पाणी खाली उतरत नाही.

गाळ उचलण्याआधी त्याचा सामू (पीएच), क्षारता आणि चुनखडी तपासून घ्या. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून जोरात फेस आला, तर तो गाळ चुनखडीचा आहे, नको. सामू 8.5 च्या वर असेल तरी नको. तलावात पाणी येते त्या तोंडाशी वाळू-भरड साचते, भिंतीकडे बारीक चिकण गाळ. माळाला भिंतीकडचा घ्या. वाहतुकीचा खर्चच मोठा असतो, तो वाळूवर घालवू नका.

एप्रिल-मेमध्ये गाळ पसरा आणि ढेकळे उन्हात तापू द्या. पहिल्या वळवाने ती फुटली की हलकी नांगरट करून आडवी-उभी कुळवणी करा, म्हणजे गाळ वरच्या सहा इंचांत मिसळेल. त्याआधी उताराला आडवे बांध मात्र घालून घ्या. बांध नसतील तर एका जोरदार पावसात तोच गाळ पुन्हा तलावात जाईल. ओढ्याकाठच्या भारी रानात गाळ टाकू नका, तिथला निचरा आणखी बिघडेल.